पिठातली कच

हौसाक्का,

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळणं हाच माझा धंदा होता आणि गिरणी जोडधंदा, असं म्हटलं तरी चालेल. तू असताना टाळली, गोदा असताना टाळली. तू गेल्यावर मात्र ठरवलं होतं, दहाव्याला घाटावर बोलायचंच. पिंड ठेवला की कावळा थोडा वेळ घेतो. मग घरची माणसं हात जोडून पुढे होतात, अमुक करू, तमुक करू, काही मनात ठेवू नका म्हणतात. तेवढ्या वेळात मी पुढे होणार होतो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकणार होतो. वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण पिंड ठेवून गुरुजी मागे सरकले नाहीत तोच कावळा उतरला, आणि त्याच्यामागे दुसरा. तुझ्या भाचेसुना म्हणाल्या, "आत्याबाई तृप्त गेल्या." मी मनात म्हटलं, तृप्त कसली, घाई. जन्मभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, ते इथेही नाही.

म्हणून आता लिहितो. नातवाच्या थेरगावच्या घरात खिडकीशी बसलोय. नातसुनेने घरात दळायची पेटी आणली आहे, कपाटाएवढी. ती सुरू झाली की मी उठून गॅलरीत जातो. तिला वाटतं, आजोबांना आवाज सहन होत नाही. तसं ते खरंच आहे.

तू विधवा होऊन माहेरी, माझ्याकडे, परत आलीस तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक कोंबडा आणि सासरच्या माणसांबद्दलची न संपणारी मतं घेऊन आलीस. गावाने हळहळायची सगळी तयारी केली होती, ती तू वाया घालवलीस. तो कोंबडा पहाटे गप्प असायचा आणि भर दुपारी आरवायचा. कुणी विचारलं की तू सांगायचीस, "सासरची सवय हाय त्याला. तिथं समदं दुपारीच उठतंय." त्या काळात चाकणच्या आसपास कारखान्यांचं नाव नव्हतं. पिंपरीच्या माळावर पहिला मोठा कारखाना उभा राहत होता आणि आमच्या वाडीतली माणसं बैलगाडी जुंपून तो बघायला जाऊन आली होती. तू नाही गेलीस. म्हणालीस, "आमच्या घरी हाय की एक कारखाना."

तो कारखाना म्हणजे माझी पिठाची गिरणी. चाकणच्या बाजाराच्या वाटेवर, तेलाच्या इंजिनावर चालणारी. हँडल मारलं की दोन-चार उचक्या देऊन इंजिन पुक-पुक करायला लागायचं आणि मग पार ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. तू त्याला रेडा म्हणायचीस. "नाम्या, तुजा रेडा आज लई फुरफुरतोय. वैरण कमी घातलीस का?" बायकांच्या रांगेची मालकीण तू कधी झालीस ते मला कळलंही नाही. कुणाचं दळण आधी, कुणाच्या बाजरीत खडे, कुणाची सून माहेरी का गेली, सगळा निवाडा गिरणीच्या दारात व्हायचा. मी आपला आत पिठाने पांढरा होऊन उभा. तू म्हणायचीस, "न्यायाधीश बाहेर, शिपाई आत."

गिरणीला लागून गेणूचं घर होतं. मधली भिंत एकच. गिरणीची जागा गेणूच्या थोरल्या भावाची, मी भाड्याने घेतलेली, आणि तो भाऊ गावचा पोलीस पाटील. हे सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं त्यात याचा भाग होता. सगळाच नव्हता.

गेणू तालमीतला गडी. बैल पारखायला लोक त्याला बाजारात घेऊन जायचे. बोलायला गोड. आणि गोदा, त्याची बायको, तुझ्याहून बरीच लहान, पण तुम्हा दोघींची मैत्री पहिल्या दिवसापासून. हसायला लागली की पदराचा बोळा तोंडात कोंबायची, आणि तू तिला मुद्दाम हसवायचीस. मागच्या पायरीवर मिश्री लावत तुम्ही दोघी बसायचात आणि तुझा तो कोंबडा आज कधी आरवणार यावर पैज लावायचात. हरली की गोदा तुझे पाय चेपायची. जिंकली तरी चेपायची.

गेणू तिला मारायचा. दिवेलागणीला, बहुधा जेवणाच्या आधी. सरकारने दारूबंदी केली होती आणि ओढ्यापलीकडे भट्टी लागायची, हे दोन्ही खरं. पण दारूचं नाव कुणी काढलं की तू भडकायचीस. "दारू न्हाई मारत, हात मारतो. हात काय भट्टीतनं आणलाय त्यानं?"

पहिल्यांदा मला भिंतीतून ऐकू आलं तेव्हा माझ्याकडे खरंच दळण होतं, आणि मी इंजिन सुरू केलं. पट्टा फिरायला लागला आणि पलीकडचं सगळं बुडालं. मला इतकं बरं वाटलं, अक्का, की ते अजून आठवतं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी मिळावं तसं. दुसऱ्या वेळी दळण नव्हतं. मी हँडल मारलं.

रिकामी गिरणी चालवू नये हे कुठल्याही गिरणीवाल्याला शिकवावं लागत नाही. मध्ये दाणा नसला की दगडावर दगड घासतो, दगडाचंच पीठ होतं आणि ते कडेला बसून राहतं. दुसऱ्या दिवशी पहिलं दळण ज्याचं, त्याच्या पिठात ते उतरतं. आमच्याकडे रीत अशी की सकाळचं पहिलं दळण घरचं, म्हणजे गिऱ्हाईकाला स्वच्छ पीठ जावं. त्यामुळे गोदाने संध्याकाळी मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी आपल्या घरात भाकरीत कच लागायची.

तुझे दात तेव्हा दगडासारखे होते. पण तू घास थांबवलास.

"नाम्या, भाकरीत कच हाय."

"दगड नवीन आहेत."

"मागल्या येळंला जुनं हायत म्हणला हुतास."

"गुळगुळीत झालेत, टाकी लावायला झालीय त्यांना."

"परवाच लावली की. तो पाथरवट इथंच जेवून गेला. तवा न्हाई लागली कच."

मी म्हटलं, बाजरीतच असेल. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग अगदी सहज विचारलंस, "काल सांजच्याला रेडा कुणाचं दळत हुता?" मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि तो इतका वेळ लावून ठेवला की तुझी भावजय म्हणाली, "अहो वन्सं, राहू द्या, ठसका लागंल त्यांना."

तुला तेव्हाच कळलं होतं. किती कळलं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि त्याचीच तर ही सगळी गोष्ट आहे.

तू मग तुझा उपाय काढलास. संध्याकाळी रेडा सुरू झाला आणि दारात गिऱ्हाईक दिसलं नाही की तू वाटी घेऊन गेणूच्या दारावर. "गोदे, विरजण हाय का?" दार उघडेपर्यंत वाजवायचीस. गेणूला पाहुण्यासमोर हात उगारता येत नसे, गावात नाव होतं ना त्याचं. एका संध्याकाळी तू तीनदा विरजण मागायला गेलीस. तिसऱ्यांदा गेणूच दारात आला आणि म्हणाला, "हौसाबाई, तुमच्याकडं म्हशी किती?" तू म्हणालीस, "म्हस एकच हाय. पण दही लई आवडतं आमच्यात." घरी येऊन तू ते सांगताना इतकी हसलीस की तुझी भावजय आणि मीही हसलो. वाटी मात्र फळीवर ठेवायला गेलीस आणि ती हातातून पडली.

गेणूच्या भावाने मला बोलावून घेतलं. बहिणीला आवर म्हणाला, आणि बोलता बोलता गिरणीच्या छपराकडे बघत राहिला. मी घरी येऊन तुला आवरलं. "तुला आमच्या घरात राहायचं असेल तर," असं वाक्य मी सुरू केलं होतं. तू तेही पुरं होऊ दिलं नाहीस. वाटी फळीवर उपडी ठेवलीस आणि आत गेलीस. त्यानंतर तू विरजण मागायला गेली नाहीस.

आणि मग त्या पावसाळ्यानंतरची ती संध्याकाळ. गोदा मुसळाने मिरच्या कांडत होती. गेणूने तिचे केस धरून ओढायला सुरुवात केली आणि मुसळ तिच्या हातात होतं. एकच घाव बसला, म्हणतात. गेणू वाचला, पण डोकं फुटलं आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. गोदा स्वतःच पाटलाच्या, म्हणजे दिराच्या, दारात जाऊन बसली. तिखटाने डोळे लाल झालेले, शिंकत होती. लोक म्हणाले, रडतसुद्धा नाही बघा. शिंकणाऱ्या माणसाला रडता येत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुण्याच्या कोर्टात तू उभी राहिलीस. आपल्या घरची बाई त्याआधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. सरकारी वकिलाने विचारलं, "तुम्ही मारताना पाहिलंत का?" तू म्हणालीस, "वळ बघितलेत सायेब. मारताना दार लावल्यालं असतंय." मागे बसलेले लोक हसले. वकील म्हणाले, "म्हणजे पाहिलं नाही." मग मला बोलावलं. भिंत एक आहे का? आहे. काही ऐकलंत का, त्या दिवशी किंवा त्याआधी कधी? मी म्हटलं, "गिरणी चालू असायची. मला काही ऐकू आलं नाही."

एवढंच. शेजारच्या भिंतीलाही जे माहीत नाही ते घडलंच नसावं, असं निकालात आलं. गोदाला खुनाचा प्रयत्न केला म्हणून सक्तमजुरी झाली आणि ती येरवड्याला गेली. एसटीत तू खिडकीशी बसलीस. मोशीला म्हणालीस, "खिडकी लाव. धूळ येतीया."

यानंतरची वर्षं खरं तर रडायची. पण अक्का, मला त्या वर्षांतलं आठवतं ते बहुतेक हसण्याचंच, आणि हा तुझा दोष आहे.

येरवड्याला पहिल्यांदा गेलीस तेव्हा गोदासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलीस. आत नेता येणार नाही म्हटल्यावर दारावरच्या बाईशिपायाला म्हणालीस, "मग तुमी खावा. पर खाऊन गोदाला सांगा कशी झालीया." ती बाई पुढे तुझी मैत्रीण झाली. तिच्याकडून आणि गोदाकडून तुला आतल्या बाकीच्या बायका कळल्या. घरी येऊन तू चुलीपुढे बसलीस आणि म्हणालीस, "तिथं गोदा एकटी न्हाई रं नाम्या. कुणी नवऱ्याला, कुणी दिराला. समद्या आधी मार खाल्लेल्या." तव्यावरची भाकरी उलटलीस आणि पुढे म्हणालीस, "आन समद्यांचं शेजारी बहिरं."

पुण्यात तुला एक वकील भेटले. तरुण, चष्मेवाले, तुझ्याशी बोलताना सारखे घड्याळ बघणारे. तू त्यांना काळा कोट म्हणायचीस. त्यांनी तुला दोन वाटा सांगितल्या आणि त्या तू मला येऊन सांगितल्यास. एक, सरकारकडे दयेचा अर्ज. गावातल्या बायकांनी अंगठे करून लिहून द्यायचं की गोदाला मार होता. दुसरी, शेजाऱ्याने शपथेवर सांगायचं की मला ऐकू येत होतं, कोर्टात मी खरं बोललो नाही. मग निकालच तपासून घ्या म्हणता येतं. "पहिलीत सुटंल," तू म्हणालीस. "दुसरीत तिचं नाव धुतलं जाईल. आन तिच्यामागं बाकीच्यांचंबी कुणी ऐकंल." मी म्हटलं, गिरणी चालू होती. तू म्हणालीस, "व्हय. ते मला ठावं हाय."

अंगठे गोळा करायला तुला गिरणीची रांग होती. बायका दळण ठेवायच्या, तू काजळाची डबी पुढे करायचीस. काळ्या कोटाने शाईची गादी दिली होती, पण तू ती वापरली नाहीस, ती हाताला लागली की भाकरीला वास येतो म्हणालीस. हे अंगठे बंद कर, असा पाटलाचा निरोप आला तेव्हा मी गिरणी दुरुस्तीला काढली. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. रांग मोडावी म्हणून मी पट्टा काढून ठेवला आणि चाकणहून सामान यायचंय असं दारावर सांगायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तो ओसरीवर घरघर. तू माळ्यावरचं जातं उतरवलं होतंस आणि माझ्या गिरणीच्या समोर, माझ्याच ओसरीवर, दळत बसली होतीस. माझी बायको समोर खुंट्याला हात लावून. मधेच उठून तिने मला चहा दिला आणि डोळाही वर उचलला नाही. दुपारपर्यंत आळीत चार घरी जाती बाहेर निघाली. मग मी हरलो, पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं, तर एकही बाई येईना. "आलं का ते सामान?" जाता येता विचारायच्या आणि हसायच्या. एक जण पाटी घेऊन आली तेव्हा मी धावत पुढे झालो. ती म्हणाली, "दळायला न्हाई. हौसाक्काला जात्याचा खुंटा द्यायला आलेय." बाप्ये मला शिव्या द्यायला लागले, कारण जात्यावरचं पीठ थोडं जाडंभरडं आणि भाकऱ्या उशिरा. गेणूचा भाऊसुद्धा एकदा म्हणाला, "नामदेवा, ते गिरणीचं काय ते मिटव बाबा. पोटात दुखतंय माझ्या."

आणि गेणू. त्याला घरी दळून द्यायला कुणी नव्हतं. डाव्या हाताने पाटी सावरत तो गिरणीत आला, एकटंच गिऱ्हाईक. तू ओसरीवरून उठलीस. मला वाटलं, आता काहीतरी होतं. तू त्याच्या पाटीला हात लावून ती खाली उतरवलीस आणि म्हणालीस, "एका हातानं जड जातंय न्हाई?" त्याच्यासाठी तू भाकऱ्याही पाठवायचीस, हे मला बायकोने खूप नंतर सांगितलं. मी विचारलं तर म्हणालीस, "भाकरीनं त्याचं पोट भरतंय. त्यानं गोदाची सजा कुठं कमी हुतीया? ते काम येगळं, हे येगळं."

मग भाऊबीज आली. पाट मांडलास, रांगोळी काढलीस. मी नवं लुगडं आणलं होतं, चांगलं इरकली. ओवाळून झाल्यावर मी ते ताम्हणात ठेवायला गेलो तर तू ताम्हण मागे घेतलंस.

"लुगडं नगं. साक्ष घाल."

मी बसून राहिलो. माझी बायको दारात. निरांजन तुझ्या हातात, आणि तू ते खाली ठेवायला तयार नव्हतीस. "हात दुखतोय माजा," तू म्हणालीस, "पर मी हाय उभी."

मी म्हटलं, "घालतो."

तू इतकी खूश झालीस की लुगडंही घेतलंस.

काळ्या कोटाच्या घरी मी गेलो आणि लिहून दिलं. काय लिहून दिलं ते आज तुला सांगतो. मी लिहून दिलं की गिरणी नेहमी चालू असल्यामुळे शेजारचं भांडण मला ऐकू येण्यासारखं नव्हतं, तेव्हा मी ऐकलं नाही याचा अर्थ मार नव्हता असा धरू नये. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं का?" मी म्हटलं, "गिरणी चालू होती." ते म्हणाले, "याचा अर्जाला उपयोग होईल. निकालाला नाही." मी घरी येऊन तुला सांगितलं, दिली साक्ष. तू मला गूळ-खोबरं दिलंस.

अर्जाला उपयोग झाला. वर्ष उलटून गेल्यावर उरलेली शिक्षा माफ झाली आणि गोदा बाहेर आली. आपण तिघं आणायला गेलो होतो. दारातून ती बाहेर आली, बारीक झालेली, केसांत पांढरं. तू तिला बघून पहिलं वाक्य बोललीस ते असं, "कोंबडा मेला गं. पैज ऱ्हाईली." आणि गोदाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दारावरची ती बाईशिपाई पण हसायला लागली, डोळे पुसत.

गोदा वाडीत परतणार नव्हती आणि तूही मग राहिली नाहीस. पिंपरीच्या कॅम्पात सिंधी बायकांबरोबर तुम्ही पापड लाटायला लागलात. एका खोलीत दोघी. तुला सिंधी येईना आणि त्यांना तुझं मराठी, पण भांडणं अगदी व्यवस्थित चालायची. मी दळण घेऊन यायचो, तुमच्यासाठी खास. खोलीत येरवड्याहून सुटलेली एखादी बाई कायम असायची. कुणी भोसरीची, कुणी मावळातली. तू त्यांच्या गावी जायचीस, शेजाऱ्यांना शोधायचीस, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचीस. "मी काय भांडायला आले न्हाई," म्हणायचीस, "पाणी द्या. आन कानात काय घालता ते सांगा." काहींनी सांगितलं. काही बायका सुटल्या, बऱ्याच सुटल्या नाहीत, आणि तू त्यांच्यासाठी चटणी नेत राहिलीस.

पण एक भांडण आपलं कधी मिटलं नाही. मी कधी म्हटलं की गोदा सुटली, देवाची कृपा, तर तू लाटणं थांबवायचीस. "माफी केली रं तिला. चूक केली त्याला माफी असती. तिनं काय केलं? कागदावर ती अजून गुन्हेगारच हाय." मी म्हणायचो, जाऊ दे, सुटली ना. तू म्हणायचीस, "सुटणं येगळं, खरं हुणं येगळं." गोदा मध्ये पडायची, "भाऊंना पापड भाजून द्या की आधी." ती मला शेवटपर्यंत भाऊ म्हणायची. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. तेव्हाही बोललो नाही.

आता ते सांगतो.

मला ऐकू येत होतं. इंजिन सुरू करायच्या आधी प्रत्येक वेळी ऐकू यायचं, म्हणून तर मी सुरू करायचो. हे तू कचेवरून ओळखलं होतंस. पण याच्यापुढचं तुला माहीत नव्हतं, किंवा माहीत असेल तर तू मला कधी कळू दिलं नाहीस. तू विरजणाची वाटी उपडी ठेवलीस त्यानंतरची आणि मुसळाच्या त्या संध्याकाळच्या आधीची गोष्ट आहे. एका संध्याकाळी मी गिरणीत नुसता बसलो होतो, पलीकडे सगळं शांत होतं. भिंतीपलीकडून गेणूने हाक मारली. अगदी सहज, शेजारी शेजाऱ्याला तंबाखू मागतो तशी.

"नामदेवा, आज गिरणी का गप हाय?"

मला कळलं. माझ्या गिरणीचा आवाज झाल्याशिवाय तो मारायला सुरुवात करत नव्हता. मी त्याला आडोसा देत होतो. तोवर मला वाटायचं, मी फक्त माझे कान झाकतोय.

मी उठलो आणि हँडल मारलं, अक्का.

मारलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी थेरगावच्या गॅलरीत उभा राहून अजून करतो. कदाचित त्या संध्याकाळी गोदा जेवून झोपली असती. कदाचित नाही. पण कोर्टात मी हे एक वाक्य सांगितलं असतं तर भिंतीला सगळं माहीत होतं हे निकालात आलं असतं. भाऊबीजेला तुझ्या ताम्हणात घालायची होती ती हीच साक्ष. मी तुला अर्धी घातली आणि तू पुरी समजून गूळ-खोबरं दिलंस. ते गोड लागलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गिरणी बंद केली त्या वर्षी मी हे सांगायला पिंपरीला आलो होतो. तू पापडाचं पीठ माझ्याकडून कुटून घेतलंस आणि दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला असलं काही बोलता येत नाही. मग आलो तो आता, गेल्या दिवाळीत. तू खाटेवर बसलेली, अंगाने एवढीशी, आवाज तेवढाच. तुझ्या भाचेसुनेने दुधात भाकरी कुस्करून दिली होती. मी शेजारी बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "अक्का, त्या भाकरीतल्या कचेचं—"

तू वाटी तोंडाजवळ नेलीस, एक घास हिरड्यांनी चघळलास, आणि माझ्याकडे मान वळवून म्हणालीस, "आता असली तरी कळायची न्हाई रं. दात कुठं हायत?"

आणि तू हसायला लागलीस. मलाही हसू आवरेना. आपण दोघं इतके हसलो की भाचेसून आतून बघायला आली, आणि मग दुधाचा ठसका, मग पाणी, मग तुझा डोळा लागला. मी वाट बघत बसलो. तू उठलीस तेव्हा मला ओळखलंस, तब्येत विचारलीस आणि अंधार पडायच्या आत घरी जा म्हणालीस. मी गेलो.

सगळं ओळखून तू मला सोडवलंस की तुला खरंच काही माहीत नव्हतं, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. पण सोडवलं असशील तर तीही माफीच झाली, आणि माफीबद्दलचं तुझं मत मला माहीत आहे. म्हणून त्या दिवशी घसा साफ करून जे म्हणणार होतो ते पुरं करतो. मध्ये बोलू नकोस.

हौसाक्का, मला ऐकू येत होतं. दाणा नव्हता आणि मी गिरणी चालवली. गोदा गुन्हेगार नव्हती. माझं चुकलं.